चंद्रप्रभाबाईंचा बुधवार

भूकंपानंतर औसा तालुक्यातल्या आमच्या पत्र्याच्या शाळेत यायला कुणी मास्तर तयार नव्हता. अशात १९९३च्या डिसेंबरात चंद्रप्रभाबाई चाकूरहून बदली मागून आल्या. मी तिथं एकटाच पाच वर्ग सांभाळत होतो.

"तुम्हाला कुणी पाठवलं इकडं?" मी विचारलं.

"मीच अर्ज केला, माधवराव. तिकडं माझ्या शाळेत नऊ मास्तर हायत."

बाई छत्तिशीच्या. आवाज बारीक, चाल भरभर. त्यांनी पाचवीचा वर्ग घेतला. पोरं शाळेत यायची, बसायची, सांगितलं तेवढं लिहायची. दंगा करत नव्हती, आणि मला त्याचं बरंच वाटत होतं. बाईंना मात्र त्या शांततेची काळजी वाटे.

एके दिवशी त्यांनी त्रैराशिकाचं गणित फळ्यावर लिहिलं. एक भिंत बांधायला सहा गवंड्यांना आठ दिवस लागतात, तर चार गवंड्यांना किती? कुणी पाटीला हात लावला नाही. मग सुकन्या नावाची मुलगी उभी राहिली. तिची आई भिंतीखाली गेली होती.

"बाई, भिंत बांधूच नये," ती म्हणाली.

मधल्या सुट्टीत बाई माझ्याकडं आल्या. "फळ्यावरची भिंत पुसली मी. पण पोरांच्या मनातली कशी पुसू?"

"ते गणित सोडून द्या. दुसरी लई गणितं आहेत," मी म्हणालो.

त्यांनी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. दुपारी त्यांनी पुस्तकं मिटायला लावली आणि वर्ग मैदानात नेला. "भिंत नको, तर मग काय बांधावं? तुम्हीच शोधा," एवढंच सांगितलं. पोरांनी माती कालवली, दगडगोटे, तुरीच्या वाळल्या तुराट्या, सुतळी गोळा केली आणि वीतभर उंचीची घरं करायला लागली. दर बुधवारी हेच. चौथ्या बुधवारी पोरांमध्ये वाद झाला, कुणाचं घर पक्कं? एक जण म्हणाला, "हालवून बघू." बाई जरा थांबल्या. ज्याला नको असेल त्यानं वर्गात बसावं, असं म्हणाल्या. तिघं आत गेली. बाकीच्यांनी गोट्यांवर फळी ठेवली, फळीवर घर ठेवलं आणि फळी हलवली.

ही बातमी वस्तीत गेली. सुकन्याचे वडील शेषेराव तावातावानं आले.

"पोरांना पुन्हा हादरे देऊन राहिल्या का बाई? एकदा बसले ते कमी पडले का?"

बाईंनी हात जोडले. "तुम्हाला विचारायला पाहिजे होतं, दादा. माझं चुकलं."

तेवढ्यात सुकन्या वडिलांचा हात ओढत म्हणाली, "बाबा, बघा ना. गोल धोंडे घातले की घसरतात. आन् आतली रांग, बाहेरची रांग, मधी लांब धोंडा घातला की दोन्ही धरून राहतात. कोपऱ्याला तुराटी बांधली तर पडतच न्हाई."

शेषेराव फळीजवळ उकिडवे बसले. मुलीनं फळी हलवली. एक घर कोसळलं, तिचं राहिलं. त्यांनी तिच्या घरातला लांब धोंडा बोटानं चाचपला. मग म्हणाले, "ती भिंत म्याच उभारली होती. लांब धोंडा घालायचं कुणी सांगितलंच न्हाई." आणि मातीत हात घालून ते पोरांना चिखल कसा मळायचा ते दाखवू लागले. पुढं ते अधूनमधून बुधवारी येत राहिले.

मार्चमध्ये शाळा तपासायला शिक्षण विस्तार अधिकारी आले. अभ्यासक्रम मागं का, त्यांनी विचारलं. "परीक्षेत गवंडीकाम येणार आहे का, बाई?"

"त्रैराशिक येणार हाय. पोरांनाच विचारा."

त्यांनी तेच सहा गवंड्यांचं गणित घातलं. सुकन्या म्हणाली, "बारा दिवस. पण सायब, ओली भिंत भराभर उचलली तर खाली बसंल की. त्याचे दिवस गणितात धरले का?" विस्तार अधिकारी हसले, पोरीचं कौतुक केलं आणि शेरेबुकात 'अभ्यासक्रम अपूर्ण' असंही लिहून गेले.

अशी मुलगी दहावीला पहिली येणारच. ते साल १९९९. तोवर अकरावी-बारावीच्या शिकवणीसाठी लातूरचं नाव झालं होतं; पार नांदेडकडच्या हदगाव, हिमायतनगरपासून मुलं यायची, गल्लोगल्ली क्लास आणि खोल्या. पोरीला तिथं एकटीला ठेवायचा शेषेरावांना धीर होत नव्हता. बाईच सुकन्याला घेऊन गेल्या, क्लासला नाव घातलं, खोली बघून दिली.

वर्षभरानं त्या तिला भेटायला गेल्या. वह्या नीटनेटक्या होत्या. एका सूत्रावर बोट ठेवून बाईंनी विचारलं, "हे आलं कुठून गं?"

"बाई, ते विचारायचं नसतं. वेळ जातो."

बाई परत आल्या तेव्हा त्यांनी मला हे सांगितलं.

सुकन्याला नांदेडला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. क्लासशिवाय मिळाला नसता, हे बाईही मान्य करत. पण दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत ती घरी न जाता आधी बाईंकडं आली. "दिलेलं गणित सुटतं, बाई. पण प्रोजेक्टला स्वतःचा विषय काढा म्हणले. महिना झाला, मला काही सुचत न्हाई. पहिलं लई सुचायचं."

"तुला मीच तिथं नेऊन बसवलं," बाई म्हणाल्या. "आन् मग वर्षातनं एकदा भेटायला आले. तू हुशार हायस, तुझं तू बघशील, असं वाटलं मला."

त्या सुट्टीत दोघी गावाच्या पुनर्वसनाच्या वस्तीत हिंडल्या. भूकंपानंतर बांधलेल्या सिमेंटच्या घरांत लोक उन्हाळ्यात का झोपत नाहीत, हे सुकन्यानं घरोघर विचारलं. तिचा प्रोजेक्ट त्यातून झाला. कॉलेजात फार नावाजला गेला असं नाही, पण तो तिचा होता.

२००३ मध्ये बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि लातुरात आपल्या घरी बुधवारी संध्याकाळी मुलं बोलवायला सुरुवात केली. परीक्षा नाही, गुण नाहीत. सहा जण आले, चाचण्या लागल्या तसे तीन गळाले. देविका नावाच्या अकरावीतल्या मुलीच्या वडिलांनी स्पष्ट विचारलं, "सीईटीला याचा काय उपयोग?"

"सांगता येत न्हाई," बाई म्हणाल्या.

तरी ते तिला पाठवत राहिले. "बुधवारी घरी आली की बोलते तरी," एकदा बाईंच्या घरी भेटले तेव्हा मला म्हणाले.

सुकन्या आता नांदेडला तंत्रनिकेतनात शिकवते. मी निवृत्त झाल्यावर बाईंना भेटायला गेलो तेव्हा मनातलं विचारून टाकलं. "तशी पोरगी पुन्हा मिळाली तर क्लासला पाठवाल?"

बाईंनी चहा गाळला, मग म्हणाल्या, "पाठवीन. पण तिथं एकटी सोडणार न्हाई."

त्या दर रविवारी सकाळी, गुडघे दुखत असतानाही, क्लासला आलेल्या ओळखीच्या मुलींच्या खोल्यांवर जातात. पुष्कळदा मुली आठवड्याची झोप भरून काढत असतात. मग बाई न उठवता परत येतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा जातात.