असोद्याचा ड्रमर आणि माझी बोटं

जळगावच्या एका ऑर्केस्ट्रात मी बरीच वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवली. पोटासाठी कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर होतो. लग्नसराई, गणपती, कॉलेजांची गॅदरिंगं आली की स्टेजवर. गाणी इतर पार्ट्यांसारखीच, सिनेमातली. पण आमच्या कार्यक्रमाची सुरुवात गाण्यानं होत नसे. पडदा उघडला की आधी नुसत्या वाद्यांची एक धून वाजायची. तिच्या मध्यावर बाकीचे सगळे थांबायचे आणि फक्त ड्रम आणि माझी गिटार चालू राहायची. ती धून मी बांधलेली होती. त्या मधल्या तुकड्यात मी सुटायचो. रावेरला, धुळ्याला, दोंडाईच्याला, कुठंही गेलो तरी त्या वेळी पोरं खुर्च्यांवर उभी राहायची.

ते वाजवणं मला भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरनं शिकवलं. त्याच्याकडं इंग्रजी रॉकच्या तबकड्या होत्या. सुट्टीच्या दिवशी मी पॅसेंजरनं जायचो. तो सुई उचलून एकच तुकडा परत परत लावायचा, मी तसाच वाजवायचा प्रयत्न करायचो, आणि तो डोळे मिटून ऐकून मान हलवायचा, नाही. कितीतरी महिने नाहीच. ज्या दिवशी त्यानं मान हलवली नाही, त्या दिवशी मी जळगावपर्यंत गाडीच्या दारात उभा राहून आलो, बसवतच नव्हतं. पुढं तो बायकोमुलांसह ऑस्ट्रेलियाला निघून गेला. जाताना त्याची लाल गिटार माझ्या हातात दिली. त्यानंतर मी चुकलो तर चुकलास असं सांगणारं माणूस आजूबाजूला उरलं नाही. बरोबर वाजलं तरी टाळ्या, चुकलं तरी टाळ्या. तरुणपणी त्याचं काही वाटत नसे.

थोडंफार ओळखायचा तो आमचा ड्रमर. असोद्याचा, केळी-कापूसवाल्या घरातला, माझ्याच वयाचा. त्याला गिटारीतलं काही कळत नव्हतं. पण मी तान घेऊन कुठं येऊन थांबणार हे त्याला माझ्या आधी समजायचं. बरोबर तिथं त्याची ड्रमवरची थाळी वाजायची. आम्ही दोघं गप्पा मारणाऱ्यातले नव्हतो. प्रवासात शेजारी बसायचो आणि खिडकीबाहेर बघत राहायचो.

पन्नाशीच्या जवळपास माझ्या डाव्या हाताची बोटं सकाळी आखडायला लागली. आधी थंडीतच, मग बारा महिने. बायको तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधायची आणि पुरचुंडीनं शेकायची. ती धुळ्याकडची, घरात अहिराणीच बोलायची. "हाऊ हात आते थकी गया शे," ती म्हणायची, "तुम्हले बठ्ठं पयलेसारखं पाहिजे." बठ्ठं म्हणजे सगळं. मी पातळ तारा लावल्या. तार ओढून सूर चढवायचा असेल तिथं दुसऱ्या बोटाचा आधार घ्यायला लागलो. कार्यक्रमाआधी खिशात हात घालून बोटं दाबत उभा राहायचो. आणि धून वाजली की वाटायचं, नाही, अजून आहे. अजून तसंच वाजतंय.

मग धुळ्याच्या एका कॉलेजचं गॅदरिंग आलं. जानेवारी महिना, मैदानात मांडव, भर दुपारचा कार्यक्रम. आमचा ड्रमर टायफॉइडनं अंथरुणावर होता. ऑर्केस्ट्राच्या मालकानं मालेगावहून एक तरुण ड्रमर बोलावला आणि तयारीसाठी आमच्या कार्यक्रमाची एक जुनी कॅसेट त्याला आधीच पाठवून दिली. मुलगा हुशार होता. सगळं पाठ करून आला.

धून सुरू झाली आणि पहिल्या फेरीतच मला कळलं की हा पळतोय. मी त्याच्याकडं बघून मानेनं खुणावलं, हळू. त्याला वाटलं मी शाबासकी देतोय. हसून त्यानं आणखी जोर लावला. मधला तुकडा आला, सगळे थांबले. मी सुटलो. पहिली तान कशीबशी गेली. दुसरीत अनामिका वाकली आणि तशीच अडकली. उघडेचना. मी तारेवरून हात काढला, मांडीवर बोट दाबून सरळ करू लागलो, आणि गिटारीतून नुसती घरघर. तेवढ्यात आमच्या कीबोर्डवाल्यानं गिटारचा आवाज लावला आणि माझी उरलेली तान त्याच्या पट्ट्यांवर वाजवून टाकली. सफाईनं, एकही सूर न चुकता. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. शिट्ट्या वाजल्या. नेहमी वाजायच्या तशाच.

कार्यक्रम संपल्यावर मालक पाठीवर थाप मारून म्हणाला, "मस्त झालं, भाऊ."

त्याला खरोखरच मस्त वाटलं होतं.

सामान आवरताना मी मालेगावच्या मुलाला विचारलं, "एवढी घाई कशाला केलीस?"

तो बिचारा गोंधळला. "घाई नाही केली, भाऊ. कॅसेटमध्ये आहे तीच लय धरली. तुमचीच आहे ना ती?"

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाकडून मागून आणलेली ती जुनी कॅसेट लावली. मुलगा खरं बोलत होता. नंतर आदल्याच वर्षीची एक कॅसेट लावली. तीच धून, तेच सूर, पण बैलगाडी घाटात चढते तशी. इतकी हळू आम्ही वाजवत होतो आणि मला पत्ता नव्हता. लय धरायचं काम ड्रमरचं. म्हणजे ती त्यानं उतरवली होती. एकदम नाही, कार्यक्रमागणिक थोडी थोडी, माझ्या बोटांना झेपेल एवढी.

रविवारी मी एसटीनं असोद्याला गेलो. तो ओसरीत खाटेवर बसला होता, अंगावर शाल, गाल बसलेले. मला बघून म्हणाला, "कारे, आज जिनिंगले सुट्टी का?"

मी खाटेच्या कडेला बसलो. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं. धुळ्याचं काय झालं ते मी सांगितलं, बोट अडकल्याचंही. तो ऐकत होता. मग मी विचारलं, "तू लय कधीपासून उतरवतोयस?"

"कोनती लय?"

"आपल्या धुनेची. माझ्यासाठी हळू केलीस ना?"

तो शाल सारखी करत म्हणाला, "तुह्यासाठी कशाले करीन? माह्याच खांद्यात दम नव्हता राहिला. मले वाटे, तूच मले सांभायून घेतो."

"मला तर कळलंसुद्धा नव्हतं."

"मंग झालं तर."

त्याच्या बायकोनं चहा आणला. आम्ही चहा प्यायलो. तो खरं बोलला की माझी लाज राखायला बोलला, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही ठरवता येत नाही. खांदा दुखतो असं त्यानं कधी सांगितलं नव्हतं. पण बोटांचं मीही त्याला कधी सांगितलं नव्हतं. निघताना तो म्हणाला, "बरा झालो का येतोच मी. त्या मालेगाववाल्याले कायम करू नका म्हनावं."

टायफॉइड बरा झाला, पण तो उठला नाही. आतून खचला होता. उन्हाळ्यात, केळीच्या पानांची पार राख होते अशा दिवसांत तो गेला. मी खांदा दिला. परत येताना एसटीत खिडकीपाशी बसलो. शेजारी कोणी अनोळखी माणूस येऊन बसला, त्याला मी सरकून जागा दिली.

मालकानं नवा ड्रमर घेतला नाही, पॅड आणलं. त्यात ताल भरून ठेवायचा आणि बटण दाबायचं. पॅड कोणासाठी थांबत नाही. डॉक्टरनं बोटात इंजेक्शन दिलं, अडकणं थांबलं, पण वेग काही परत आला नाही. तेव्हा मी घरी बसून धुनेचा मधला तुकडा मोडला. पळणाऱ्या ताना सगळ्या काढल्या. अनामिका बाजूलाच ठेवली. एक सूर लावायचा, तो पार विझत येईपर्यंत धरायचा, मग दुसरा. ताल खालून धावतो आहे आणि वर सूर निवांत उभा आहे, असं काहीतरी. कित्येक संध्याकाळी त्यात गेल्या. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "आज काही वाजतंच नही शे का?" मी म्हणायचो, वाजतंय.

रावेरला पहिल्यांदा तो नवा तुकडा वाजवला. एकही सूर कच्चा गेला नाही. भुसावळच्या त्या खोलीत वाजवला असता तर मान हलली नसती, एवढी मला खात्री होती. समोर लोक एकमेकांशी बोलायला लागले. कोणी शेंगा सोलत होतं. पुढच्या रांगेतला एकजण ओरडला, "अरे गाणं लावा ना!" मी शेवटचा सूर जेवढा धरायचा तेवढा धरला आणि मग सोडला. वळून बघितलं. ड्रमच्या जागी स्टँडवर पॅड होतं आणि कीबोर्डवाला पुढच्या गाण्याचं बटण शोधत होता.

मालक वाईट माणूस नव्हता. चार दिवसांनी जिनिंगवर आला, चहा घेतला, म्हणाला, "भाऊ, आता लोकांना डायरेक्ट गाणं लागतं. धून काढून टाकू. तुम्ही मागं कॉर्ड धरा, तुमच्याशिवाय स्टेज रिकामं दिसतं."

मी हो म्हणालो. आणखी काही हंगाम मागं उभा राहून कॉर्ड धरले, म्हणजे गाण्याला नुसती सुरांची साथ. शेवटी शेवटी खुर्चीवर बसून. कीबोर्डचा आवाज एवढा असायचा की माझी गिटार मलाच ऐकू येत नसे. एकदा दोंडाईच्याला लग्नात चालू गाण्यात मी हात थांबवला. काही फरक पडला नाही. गाणं संपेपर्यंत मी तसाच बसून राहिलो, मग पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा पुन्हा वाजवायला लागलो.

दुसऱ्या दिवशी गाडीनं जळगावला उतरलो. मालकाला सांगितलं की आता जमत नाही. तो म्हणाला, राहा हो भाऊ, पण दुसऱ्यांदा म्हणाला नाही. घरी पोचलो तेव्हा बायको भाकरी टाकत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, गिटारीच्या पेटीकडं बघितलं.

"कसं व्हयनं?"

"झालं," मी म्हणालो.

"जेवी ल्या मंग," ती म्हणाली आणि ताट वाढलं.