हळदीच्या मांडवातल्या कैऱ्या

माझी पहिली नोकरी तुर्भ्याच्या एमआयडीसीत, लोणच्याच्या एका छोट्या कारखान्यात. मालक आधी बँकेत होते. ती सोडून लोणच्यात पडले होते, पण बँकेतला सावधपणा काही सुटला नव्हता. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. मी सुपरवायझर. म्हणजे साहेब ज्या गोष्टीची काळजी करतील त्या गोष्टीकडे धावत जायचं.

लोणच्याचा धंदा सगळा मे महिन्याचा. कैरी आली की त्याच दिवशी फोडून मिठात गेली पाहिजे. एक रात्र उकाड्यात पडली की मऊ पडते, आणि मऊ कैरीचं लोणचं कुणी विकत घेत नाही. नेमक्या त्याच महिन्यात कैरी फोडणाऱ्या बायकांच्या घरी लग्नं.

त्या वर्षी साहेब वाशीच्या एका हॉटेलात धंद्यातली जोखीम कशी सांभाळावी यावरचं व्याख्यान ऐकून आले आणि दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं.

"प्रत्येक गोष्टीला पर्याय पाहिजे," ते म्हणाले. "एकावर विसंबायचं नाही."

म्हणून मार्केटातला कैरीचा एक व्यापारी होता, त्याचे दोन झाले. बरण्यावाले दोन झाले. बायकांच्याही दोन टोळ्या झाल्या. पहिली सारसोळ्याची, आमच्या जुन्या मावशींच्या हाताखालची. दुसरी खांदेश्वरची. तिथं नव्या इमारतींच्या कामावर आलेल्या देशावरच्या गवंड्यांच्या त्या बायका. साहेबांचा हिशोब पक्का होता. सारसोळेकरणी मेमध्ये लग्नांना जाणार, देशावरच्या पाऊस लागल्यावर पेरणीला. दोन्ही टोळ्या एकदम गायब व्हायचं कारणच नाही.

मावशींच्या धाकट्या लेकीची हळद ठरली तेव्हा म्हणूनच साहेबांनी सगळ्या सारसोळेकरणींना हसतहसत सुट्टी दिली. "निवांत जा, आपली दुसरी फळी आहे," असं म्हणाले.

हळदीच्या दिवशी सकाळी कैरीचा ट्रक आला. पाठोपाठ दुसराही आला. पहिला व्यापारी दगा देईल म्हणून साहेबांनी दुसऱ्यालाही पूर्ण माल सांगून ठेवला होता, आणि त्या वर्षी दोघेही शब्दाला जागले. अंगणात हिरवा डोंगर उभा राहिला. आम्ही खांदेश्वरच्या टेम्पोची वाट बघत बसलो. टेम्पो आला तो रिकामा.

"बायका कुठायत?" साहेबांनी ड्रायव्हरला विचारलं.

"सोडल्या ना सारसोळ्याला."

"सारसोळ्याला? कुणी सांगितलं तुला?"

"त्यांनीच. हळद आहे म्हणाल्या. सगळ्या नटून बसल्या होत्या, साहेब. मला वाटलं तुम्हाला माहितीय."

दोन्ही टोळ्या महिनाभर एकाच ओट्यावर डबे उघडून जेवत होत्या, एकमेकींच्या भाज्या वाटून खात होत्या. मावशी त्यांना हळदीला बोलावतील, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. साहेब कैरीच्या एका पोत्यावर बसले आणि पटकन उठले. "चल," म्हणाले, "त्यांच्याकडेच जाऊ."

सारसोळ्यात मांडवाखाली सत्तर जणी गप्पा मारत बसल्या होत्या. बेंजोवाले वाद्यं जुळवत होते. मावशी नवं लुगडं नेसून पुढे आल्या.

"आलाव साहेब? बसा. च्या घ्या."

साहेब खुर्चीच्या टोकावर टेकले. "अभिनंदन," ते म्हणाले. "मंडप छान झालाय."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "कैऱ्या आल्या ना?"

"दोन गाड्या," मी म्हटलं.

"दोन! अगो बाय." त्यांनी मांडवावरून नजर फिरवली. "हलद सांजच्याला हाय. तवर या नुसत्या तोंडं चालवतान. आना हिकडं."

"मांडवात?" साहेब दचकले.

"मंग काय, खाडीत?"

टेम्पोच्या फेऱ्या सुरू झाल्या. लाकडी पाटावर बसवलेले आमचे मोठे अडकित्ते आले, धुतलेले क्रेट आले. स्वच्छतेच्या बाबतीत मात्र साहेब हटेनात. त्यांनी प्लास्टिकच्या टोप्यांचं खोकं आणवलं आणि स्वतः एकेकीला वाटल्या. गजऱ्यावर टोपी बसेना, तर बायकांनी गजऱ्यासकट ओढून बसवल्या. बेंजो वाजायला लागला आणि त्या तालावर कैऱ्या फुटायला लागल्या. कारखान्यात इतका वेग मी कधी बघितला नव्हता.

तेवढ्यात नवऱ्याकडच्या बायका त्याची उष्टी हळद घेऊन आल्या आणि मांडवाच्या तोंडाशीच थबकल्या. सगळ्या टोप्या घातलेल्या, हातात अडकित्त्यांची पाती.

"काय गो," त्यातली एक म्हातारी घाबरून म्हणाली, "डाक्टरचा क्यांप हाय का काय?"

मावशींनी समजावलं. म्हातारीला हसू आवरेना. मग तिनंही बसकण मारली आणि हात पुढे केला. साहेबांनी तिलाही टोपी दिली.

हळदीची वाटी मात्र कैऱ्यांच्या शेजारीच ठेवलेली. शेवटी न राहवून ते म्हणाले, "मावशी, ती वाटी जरा लांब ठेवा. हळद मालात पडेल."

"लोनच्यान हलद नाय घालत काय तुमी?" मावशींनी विचारलं.



दिवस कलायच्या आत दोन्ही गाड्यांचा फडशा पडला. मी, ड्रायव्हर आणि वॉचमन फोडी घेऊन कारखान्यात परतलो आणि पिंपांत मीठ लावत बसलो. साहेब मागे राहिले होते, कारण मावशींनी जेवल्याशिवाय सोडायचं नाही असं बजावलं होतं. सकाळी आले ते कानामागे पिवळे, सदरा पिवळा आणि आवाज पूर्ण बसलेला. नाचलात का, असं मी विचारलं नाही. ड्रायव्हरला सारसोळ्यातून सगळी खबर मिळाली होती आणि ती त्यानं चहाबरोबर सगळ्यांना पुरवली.

पुढच्या हंगामाआधी साहेबांनी नवाच उद्योग सुरू केला. कुठल्याही कामगार बाईच्या मुलीचं लग्न जमतंय म्हटलं की हे बैठकीला हजर. खांदेश्वरच्या एका मुलीच्या बैठकीत तर त्यांनी भटजींशी अर्धा तास वाद घातला की मार्गशीर्षात इतके चांगले मुहूर्त असताना वैशाखाचा हट्ट कशाला. नवऱ्याचा मामा साहेबांकडे बघत होता. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "मुलीचे वडील फार तापट आहेत हो."

लग्न मार्गशीर्षात झालं. आम्ही सगळे गेलो होतो.