विक्रमने केलेलं हेल्मेट

टेक्सासमधल्या शुगर लँड गावात मोरेश्वर पाइपलाइन इंजिनिअर होता तो पगारापुरता. जीव सगळा गॅरेजमध्ये. तिथे तो मध्ययुगीन युरोपातल्या लढवय्यांची पोलादी हेल्मेटं ठोकून ठोकून घडवायचा, आणि त्याची बायको शैलजा ती घालून हौशी मंडळींच्या लढायांत वेताच्या तलवारीने भल्याभल्यांना लोळवायची. लढणारी बायको आपली, हेल्मेटही आपलं, एवढ्या भांडवलावर स्वारी छाती काढून फिरत असे.

यंदा मात्र शैलजाने विक्रमकडून हेल्मेट करून घेतलं. विक्रम म्हणजे कालचं पोर, या छंदात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. "याचं वेट कमी आहे रे, म्हणून घेतलं," ती म्हणाली. मोरेश्वर "छान" म्हणाला आणि आतल्या आत जळून कोळसा झाला.

लढाईआधी हेल्मेटं तपासायचं काम त्याच्याकडेच होतं. विक्रमच्या हेल्मेटात खुसपट काढायचंच, असं ठरवून तो आला होता. डोळ्यांच्या फटीत काठी घालून पाहिली, पट्टा ओढला, शैलजाच्या डोक्यावर ते गदागदा हलवलं. आतलं पोलाद डोक्याला कुठेच टेकत नव्हतं. मग तर त्याचं डोकंच फिरलं.

"पट्टा लूज आहे. फेल," तो धडधडीत खोटं बोलला.

शैलजा वाद घालत बसली नाही. गाडीतून नवऱ्याने केलेलं जुनं हेल्मेट घेऊन आली. मोरेश्वरला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आपण घडवलेलं आपण तपासायचं नाही असा नियम होता, म्हणून दुसरी तपासनीस प्रीता पुढे झाली. तिने हेल्मेट हलवलं.

"काकू, कुठे टच होतंय का?"

"नाही," शैलजा झटकन म्हणाली. पण फटीतून दिसणारे तिचे डोळे गच्च मिटलेले मोरेश्वरने पाहिले. त्याने स्वतःच हेल्मेट उतरवलं. कपाळावर लाल वळ उठला होता.

"कधीपासून लागतंय?"

"पहिल्यापासून. तू एवढ्या हौसेने करतोस, कसं सांगणार?"

"आणि विक्रमला?"

"त्याला सांगितलं. माप देताना सांगावंच लागलं."

मोरेश्वरने सगळ्यांदेखत आपलं हेल्मेट फेल केलं. विक्रमचं पास केलं, पट्ट्याबद्दल खोटं बोललो तेही सांगून टाकलं. शैलजा लढायला गेली. विक्रमचं काम आपल्यापेक्षा सरस, हे एकवेळ त्याने गिळलं असतं. पण बायको खरं बोलली ती विक्रमशी, हे काही केल्या घशाखाली उतरेना.