फवारणीचा ड्रम आणि गल्लीचा नळ

आज सकाळी आमच्या धाड गावात शेजारचे गजाननभाऊ अंगणात फवारणीचं औषध कालवत होते. नळाची नळी ड्रममध्येच बुडालेली. तेवढ्यात नळ गेला आणि ड्रममधलं पाणी कमी होऊ लागलं.

"ड्रम गळून राह्यला काय?"

"नाही भाऊ, नळी औषध मागं ओढून राह्यली!" मी नळी ओढून बाहेर काढली.

त्याच पाइपलाइनवर उताराला खाली राहणाऱ्या वहिनींच्या नळाला अजून धार होती, म्हणजे औषध तिकडेच चाललं होतं.

"वैनी, लेकराले पाजू नका, ओता ते!"

"आठ दिवसांनी नळ आला, अन् ओतू?" चिडल्या, पण ओतलं. मग मी गल्लीभर फिरून सगळ्यांना भरलेलं पाणी ओतायला लावलं.

दुपारी भाऊंनी नळाला पाणी मागे न सोडणारा व्हॉल्व्ह बसवला. उद्यापासून मी घरोघरी तो बसवून घेणारच आहे.

तुमच्या नळाची नळी आत्ता कशात बुडालेली आहे?