जहाजाच्या भिंतीत कोंबलेली पोती

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, हे आधीच सांगते. ऱ्हस्व-दीर्घ चुकले, ओळी तिरक्या गेल्या, तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. चौथीनंतर मला शाळेतून काढलं ते माझ्या थोरल्या भावाने, अण्णांनी. "पत्र वाचता आलं की झालं, पोरीला आनखी काय वाचायचं हाय?" असं ते वडिलांना म्हणाले होते. त्याच अण्णांवर आज लिहायला बसले आहे. ते जाऊन दीड महिना होत आला. पेपरात त्यांच्यावर फोटोसकट अर्धं पान छापून आलं. ते वाचलेल्या माणसाने हेही वाचावं असं वाटतं, पण छापायला द्यायचा धीर नाही. म्हणून घरातल्या घरात लिहून ठेवते.

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिंगणापुरात आमच्या ओट्यावर रुईच्या पानांच्या माळा ओवत होते. शनिवार होता, दुकानदाराला माळांची घाई होती. माझ्या मालकांनी फोन घेतला आणि म्हणाले, "अण्णा गेले. झोपेतच." मी हातातली माळ पुरी केली. पुणतांब्याला माहेरी जाताना गाडीत तरी रडू येईल असं वाटलं... तिथेही आलं नाही. बायका आपसात म्हणाल्या, धक्का बसलाय बिचारीला.

अण्णा कामाला चलाख होते, ते नाकारून काय करू? लहानपणी शेताला पाणी द्यायला आम्ही दोघं जायचो. पाटाचा बांध फुटला की ते गोणपाटाचा बोळा कोंबायचे, वरून चिखल थापायचे आणि हात फिरवून तो असा गुळगुळीत करायचे की आत काय आहे ते कळायचं नाही. पाणी थांबायचं, वडील खूश व्हायचे. "आत कायबी असू द्या, वरनं चांगलं दिसाया पायजे," हे अण्णांचं वाक्य. तेवढ्या पाण्यापुरतं ते खरंही होतं. पुढे ते वायरमनचं काम शिकले, समुद्रकाठच्या जहाज बांधायच्या कारखान्यात गेले आणि बघता बघता ठेकेदार झाले. गावाकडची माणसं केबल ओढायला नेऊ लागले. त्यांत माझे मालकही गेले.

मालक सुट्टीवर आले की मला समजावून सांगायचे. जहाज म्हणजे एकाला एक लागून लोखंडी खोल्या. विजेच्या केबली पलीकडे न्यायला भिंतीला भोकं पाडतात आणि त्यांत वीतभर खोल लोखंडी चौकट बसवतात. केबल गेली की उरलेली फट आगीत न जळणाऱ्या लेपाने या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च भरायची, म्हणजे एका खोलीतली आग आणि धूर दुसरीत जात नाही. समुद्रात माणूस पळून जाणार कुठे, म्हणून हा नियम. मालक हसून म्हणायचे, "आपल्या गावात घराला दार न्हाई, आन तितं बोटभर भोकालाबी दार लावत्यात!"

पण तो लेप महाग होता आणि अण्णांचा ठेका ठरलेल्या रकमेचा. ते दर खेपेला गावाकडून साखरेची रिकामी तागाची पोती घेऊन जायचे. मला वाटायचं, माणसांना अंगाखाली घ्यायला नेत असतील. एकदा अण्णा आमच्याकडे जेवायला आले होते, तेव्हा मालकांनी विषय काढला आणि मला उलगडा झाला.

"अण्णा, तपासायला येनाऱ्या सायबानं भोकात खिळा घालून बघितला तर?"

"साहेब खिळा घालीत न्हाई, पाव्हणं. साहेब ब्याटरी मारतो. वरनं लेप दिसला की सही."

"आन आग लागली तर आतलं पोतं ऱ्हाईल व्हय?"

"लोखंडाला कुठं आग लागती? शके, तूप वाढ पाव्हन्यांना. लई वाळल्यात, एखांद्या दिशी तेच पेट घेतील."

स्वतःच्या विनोदावर अण्णा पोट धरून हसले. मी तूप वाढलं.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी आग लागली. जहाज अजून पाण्यात उतरलंही नव्हतं. एका खोलीत वेल्डिंग चालू होतं. अशा वेळी भिंतीच्या पलीकडे पाणी घेऊन एक माणूस नुसता लक्ष ठेवायला उभा करायचा असतो. अण्णांनी त्या माणसाला केबल ओढायला लावलं होतं, कारण नुसत्या उभ्या माणसाला हजेरी द्यायची त्यांना सवय नव्हती. भिंत तापली, भोकातलं पोतं धुमसलं आणि सगळा धूर मालक काम करत होते त्या खोलीत शिरला. बाकीची माणसं आधी निघाली, मालकांना बेशुद्ध ओढून काढलं. जीव वाचला, छाती गेली. आजही देवळापर्यंत चालताना ते मध्येच थांबतात आणि कुणी बघत असेल तर चपलेत खडा गेल्यासारखं करतात.

चौकशीत अण्णांनी सांगितलं, "माझ्या पाव्हन्यानं बिडी ओढली." माझे मालक तंबाखू खातात. बिडीच्या नुसत्या वासाने त्यांना मळमळतं. हे सगळ्यांत जास्त अण्णांना ठाऊक होतं, कारण मालकांच्या डबीतली चिमूट ते रोज हक्काने घ्यायचे. पण मालक दवाखान्यात नाकाला नळी लावून पडलेले... कागदावर बिडी आली ती आलीच. परत कुठल्याही कारखान्याने त्यांना दारात उभं केलं नाही. पुणतांब्याच्या पारावर बसलेले लोक म्हणायचे, "जहाज जाळनारे पाव्हणे आले, काड्यापेट्या आत घ्या रे!"

ती दिवाळी मी नगरच्या दवाखान्यात काढली. भाऊबीजेला अण्णा तिथेच आले. मी त्यांना ओवाळलं आणि त्यांनी ताटात नोटांचं पुडकं ठेवलं. "दवाखान्याला लागतील. आन हे बघ शके, बहीन-भावात आता ते पोत्याबित्याचं नको." मी पैसे घेतले. दुसरा मार्ग नव्हता, आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण पुढे मालकांनी जेव्हा जेव्हा तोंड उघडलं, तेव्हा अण्णा चार लोकांत म्हणायचे, "ज्याचा दवाखाना मी केला, त्यो माझ्यावरच उलटतोय!" की झालं, लोक मालकांकडेच बघायचे. मी माळांचे पैसे बाजूला टाकत गेले. राखीपौर्णिमेला थोडे घेऊन गेले तर अण्णांनी हात झिडकारला. "ओवाळनी परत घेनारा भाऊ बघितलाय का कुठं? लोक तोंडात शेन घालतील माझ्या." अण्णांना ते पैसे आमच्याकडेच राहायला हवे होते. ते आमच्याकडे होते तोवर आमचं तोंड बंद होतं.

दहाव्याला पुणतांब्यात गोदावरीच्या घाटावर गर्दी मावत नव्हती. सगळे पैसे मी पिशवीत आणले होते. विधी झाल्यावर वहिनींना घरी गुपचूप द्यावेत, असा बेत होता. पिंड मांडला होता, कावळा येत नव्हता, आणि तोवर श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. एक पुढारी माईकवर म्हणाले, "मेहुन्याच्या एका बिडीपायी अण्णांचा ठेका बुडाला, पन या देवमानसानं त्याच मेहुन्याचा दवाखाना केला!" पुरुषांत बसलेल्या मालकांनी उपरणं तोंडाला लावलं. त्यांना खोकला आला होता, आणि तोही त्यांनी दाबला.

मी उठले. वहिनींसमोर बसून पुडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"अण्णांनी भाऊबीजेला दिलेले. मोजून घ्या."

"वन्सं, ओवाळनी कोन परत करतं व्हय? आन आज? अजून कावळा शिवला न्हाई..."

"ओवाळनी न्हवती ती, वहिनी. गप बसायची मजुरी हुती. मोजा."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. पोती वहिनींच्याच पडवीत बांधली जायची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोटाला थुंकी लावली आणि नोटा मोजायला लागल्या. बायका वळून बघायला लागल्या, मग पुरुषही. पुढाऱ्यांनी माईक खाली घेतला.

"कसले पैसे, ताई?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पोती, वरचा लेप, लक्ष ठेवायचा माणूस काढून घेतला ते, आणि मालकांनी जन्मात बिडी ओढली नाही तेही. वाक्यं तुटत होती, पण सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मेलेल्या मानसावर? दहाव्याला?" आणि दुसऱ्याने वहिनींना विचारलं, "काकी, खरं हाय का हे?"

 शेवटची नोट मोजून वहिनींनी सगळ्या पदराच्या टोकाला बांधल्या, गाठ दातांनी आवळली.

"मजुरीचे पैसे पुरे हायत," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "वन्संकडं आता आमचं कायबी ऱ्हायलं न्हाई."