कपाटामागची काठी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, केंद्रात नाही. देवापुढेही नाही — त्याला ठाऊक असेलच, म्हणून सोडून दिलं.

आयुष्यभर शाळेत शिकवलं. ‘खोटं बोलू नये’ हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! निवृत्त झाल्यावर नंदाखालहून नालासोपाऱ्याला जायला लागले, लकवा झालेल्यांच्या व्यायाम केंद्रात मदतीला. भाड्याच्या दोन खोल्या, भिंतीला एक दांडा, आणि आठवड्यातून दोनदा येणारी फिजिओथेरपिस्ट. माझं अक्षर वळणदार, म्हणून देणगीदारांना लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आणि मी त्यात पटाईत झाले. कोणाचं दुःख कसं मांडलं की समोरच्याचं काळीज हलतं, हे मला बरोबर कळायचं. बिघडायला तिथूनच सुरुवात झाली का? असेल.

भारतीताई चांदीपहून यायच्या. भातशेतीत राबलेली बाई, उजवी बाजू गेलेली. पहिल्या दिवशी नवऱ्याने उचलून खुर्चीत ठेवलं, तर दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसल्या. सात-आठ महिने घाम गाळला त्यांनी. मग एकदा काठी टेकत खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या — आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवता वाजवता रडलो. मीही.

पुढे निधी देणाऱ्या न्यासाची माणसं पाहणीला येणार असं कळलं. केंद्र चालू राहणार की कुलूप लागणार, ते त्यांच्यावर होतं. भारतीताईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं — फुलं तुम्ही द्यायची, दारापर्यंत चालत जाऊन. त्यांनी त्यासाठी मागे पट्टा असलेल्या नव्या चपला घेतल्या.

आणि मला भीती वाटली. कसली, सांगू? ही बाई चालताना दिसली, तर ‘इथे बरं चाललंय’ म्हणून निधी दुसरीकडे जाईल! हसू नका. अर्ज लिहून लिहून माझी बुद्धीच तशी झाली होती.

त्या सकाळी मी आमच्या वाडीतला सोनचाफा घेऊन गेले आणि म्हणाले, “भारतीताई, आज खुर्चीत बसूनच द्या.”

“बसू कशाला, बाई? मना चालता येतं ना आता.”

“केंद्रासाठी,” मी म्हणाले. त्या बसल्या. काठी मी कपाटामागे सरकवली.

पाहुण्यांतल्या एका मॅडमनी विचारलं, इथे येऊन कोणी चालायला लागलं का? साधा प्रश्न होता. भारतीताईंनी माझ्याकडे पाहिलं. “प्रयत्न चालू आहेत,” मी म्हणाले. त्यांनी मान खाली घातली आणि नव्या चपलांकडे बघत राहिल्या. तेव्हाही बोलता आलं असतं — मी चहा बघायला आत गेले.

निधी मिळाला. नवे दांडे आले, फिजिओथेरपिस्ट रोज यायला लागली, गावांतल्या माणसांना आणायला गाडी झाली. चांगलंच झालं, ते कसं नाकारू? आज त्या खोल्यांत रोज कोणी ना कोणी आपल्या पायांवर उभं राहतं, आणि ते बघून मला अजून भरून येतं. नव्या माणसांना धीर भारतीताईच देतात — “पडशील तं पड. मी पन पडली.” माझा मात्र शाल देऊन सत्कार झाला. ती शाल मी कधी अंगावर घेतली नाही.

गेल्या महिन्यात त्याच मॅडम पुन्हा आल्या. मी फुलं घेऊन उभी होते. भारतीताई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “बाई, आज बसू का चालू?”

टोमणा नव्हता हो. खरंच विचारत होत्या.

“चाला,” मी म्हणाले. एवढंच जमलं.

त्या गेल्या — काठीशिवाय, थेट दारापर्यंत, ओंजळीत सोनचाफा. मॅडमना केवढा आनंद झाला! केव्हापासून चालताय, त्यांनी विचारलं. भारतीताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“यंदापासून,” त्या म्हणाल्या.

मला वाचवलं त्यांनी. आणि मी — मी पुन्हा गप्प बसले.

यंदापासून नाही. मॅडम पहिल्यांदा आल्या, त्या दिवशीही भारतीताई चालत होत्या. काठी मी लपवली होती.