पेटीला ओवाळू नका

माझी आत्या माधवी भिवंडीतली पहिली एम्ब्रियॉलॉजिस्ट. हा शब्द जिभेवर अडखळतो, म्हणून धामणकर नाक्यावरचे रिक्षावाले सरळ ओरडतात, "बच्चेवाली मॅडम, आओ!" काचेच्या बशीत गर्भ तयार करायचे, इन्क्युबेटरच्या पेटीत पाच दिवस जपायचे आणि मग आईच्या पोटात ठेवायला द्यायचे, हे तिचं काम. शिकत असताना ती सरावासाठी खाटकाकडून शेळ्यांचे बीजांडकोश थर्मासमध्ये आणायची. आजोबा नाक दाबून ओरडायचे, "चहाचा थर्मास वेगळा ठेवा रे!"

बारा वर्षांपूर्वी लॅब निघाली ती निजामपुऱ्यात, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, डोक्यावर. खटाखट, खटाखट. मायक्रोस्कोपखालची बशी नाचायची. आत्यानं ट्रकच्या टायरचं रबर कापून टेबलाच्या पायांखाली घातलं. वासानं-धुरानंही गर्भ दगावतात, म्हणून अत्तर बंद केलं, अगरबत्ती बंद केली, पावडरसुद्धा बंद. बाळं जन्मली, आणि होर्डिंगवर फोटो लागला लॅबचे मालक डॉक्टर सुधीर सरांचा. एकट्यांचा! बारा वर्षं पेटीपाशी कोण बसलं होतं?

गेल्या दसऱ्याला पेटीत फक्त द्रौपदीचे तीन गर्भ होते. द्रौपदी वडप्याच्या गोदामात पॅकिंगला जाते. नऊ वर्षं सासू एकच ऐकवतेय, "खोट तुझ्यातच."

दसऱ्याला इथे लूमला हार, टेम्पोला हार. आत्यानं आदल्या दिवशीच बजावलं होतं, "सर, हार बाहेरच्या दाराला घाला. पेटीला ओवाळू नका."

सर नाकातून बोलतात. "अगं माधवी, वर्षातून एकदाच ना? पेटी काय शिंकणारे?"

सकाळी आत्या पोहोचली तर लॅब धुपानं भरलेली. पेटीचं दार सताड उघडून आत ओवाळलेलं. वर कुंकवाचं बोट.

दुसऱ्या दिवशी तिन्ही गर्भ वाढायचे थांबले होते.

"रिपोर्टात लिही, बीजांचा दर्जा कमी," सर म्हणाले. "तिला काय कळतंय? नशीब म्हणून सांग."

"कालपर्यंत तिन्ही छान वाढत होते. तुम्ही दार उघडून धूर घातलात. मी तेच लिहिणार."

"लॅब माझी आहे!"

"गर्भ तिचे होते."

आत्यानं लिहिलं. मग बाहेर बाकावर द्रौपदीच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. द्रौपदी रडली नाही.

"म्हंजे माज्यात खोट न्हाय?"

"नाही. तुझी बीजं चांगली होती. चूक आमची."

"कागदाव लिवलंय?"

"लिहिलंय. ही तुझी प्रत."

द्रौपदी उठली. थेट सरांच्या केबिनमध्ये, चपला न काढता. मागून आत्या. दार उघडंच. बाहेरच्या बायका माना लांब करून बघतायत.

"माज्या सासूला फोन लावा. ह्यो कागूद वाचून दाखवा."

"अहो बाई, असं कसं..."

आत्यानं टेबलावरचा फोन उचलला, द्रौपदीनं सांगितलेला नंबर लावला आणि स्पीकर चालू करून सरांपुढे धरला.

"हॅलो... मी डॉक्टर सुधीर बोलतोय..."

"नाकातनं नको," द्रौपदी म्हणाली. "मोठ्यानं!"